दुमडलेली कड, कच्चा टाका: यीस्टच्या टेलोमिअरचं एक प्रकरण

यीस्टच्या पेशीत जनुक चालू करणारं बटण, म्हणजे डीएनएचाच एक छोटा पट्टा, जनुकाच्या अलीकडेच असावं लागतं. अंतर साधारण २५० बेसजोड्यांचं (एक बेसजोडी म्हणजे डीएनएच्या शिडीची एक पायरी). ते ६००-७०० जोड्यांच्या पलीकडे सरकवलं की काम बंद पडतं, आणि जनुकाच्या पाठीमागे लावलं तर ते असून नसल्यासारखंच. माणसाच्या पेशीत इतकी अडचण नाही. तिथे बटण कितीतरी लांब असलं तरी चालतं. यीस्ट या बाबतीत हट्टी.

२००१ साली न्यूयॉर्कमधल्या मार्क टाश्नी यांच्या गटाने हे बटण मुद्दाम चुकीच्या जागी लावलं. जनुकाच्या मागे, एक ते दोन हजार जोड्यांवर. गुणसूत्राच्या मधल्या भागात अपेक्षेप्रमाणे काहीच झालं नाही, जनुक मुकंच राहिलं. मग तोच सगळा संच उचलून गुणसूत्राच्या टोकाजवळ नेऊन ठेवला, आणि जनुक चालू झालं.

जनुक तेच, बटण तेच, दोघांमधलं अंतरही तेच. बदललं एवढंच, की आता शेजारी टोक होतं. मागचं बटण पुढच्या जनुकाला शिवायचं असेल तर मधला डीएनए वळायला हवा, म्हणजे टोक उलटं फिरून गुणसूत्राच्याच अंगावर येऊन टेकायला हवं. 'नेचर'मध्ये छापून आलेला निष्कर्षही हाच होता: यीस्टचं टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्राचं टोक, मागे दुमडलं जातं.

इतक्या सुबक प्रयोगानंतर प्रकरण मिटायला हवं होतं. पुढची वीस वर्षं ते चालूच राहिलं. दुमड आहे की नाही, ती कोण घालतं, आणि मुख्य म्हणजे तिचा टेलोमिअरला उपयोग काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या वाटांनी आली आणि ती एकमेकांशी सरळ जुळत नाहीत. तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्याच्यावरच खर्च केला आहे.

टोकाचं दुखणं

हे यीस्ट म्हणजे पाव फुगवणारंच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. त्याच्या एकपट (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या) पेशीत १६ गुणसूत्रं, म्हणजे ३२ टोकं. प्रत्येक टोकाला टी आणि जी या अक्षरांची पुनरावृत्ती साधारण ३०० जोड्यांपर्यंत चालते. माणसाच्या टेलोमिअरमध्ये टीटीएजीजीजी ही सहा अक्षरं शिस्तीत पुन्हा पुन्हा येतात. यीस्टचं तसं नाही. एका टीमागे कधी एक जी, कधी दोन, कधी तीन, असा अनियमित प्रकार.

टोकाला दोन दुखणी असतात. पहिलं झिजण्याचं. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा अगदी शेवटपर्यंत पोचू शकत नाही, त्यामुळे टोक पुन्हा वाढवणारं टेलोमरेज हे विकर (एन्झाइम) नसेल तर यीस्टचं प्रत्येक टोक दर पिढीला तीन ते पाच जोड्यांनी आखूड होतं. दुसरं दुखणं ओळखीचं. पेशीच्या दृष्टीने डीएनएचं उघडं टोक म्हणजे तुटलेला डीएनए. दुरुस्ती पथक येतं, टोक कुरतडतं किंवा दुसऱ्या टोकाला चिकटवून टाकतं. कापड बेतल्यावर शिंपी कड का दुमडतो? नाहीतर दशा सुटतात. टेलोमिअरची दुमडही याच कारणासाठी असावी, हा विचार त्यामुळे आपसूक सुचतो. आपसूक सुचणारे विचार जीवशास्त्रात बऱ्याचदा चुकतात, हेही खरं.

टी-जीच्या या पट्ट्यावर रॅप१ नावाचं प्रथिन बसतं, साधारण दर १८ जोड्यांमागे एक रेणू. म्हणजे ३०० जोड्यांवर पंधरा-सोळा रेणू दाटीवाटीने. त्याला धरून प्रथिनांच्या दोन टोळ्या जमतात. एक सर२, सर३, सर४ यांची. दुसरी रिफ१ आणि रिफ२ यांची.

सर टोळीचं काम आसपासची जनुकं मुकी ठेवणं. (नावाचा शाळेशी संबंध नाही, पण वर्ग गप्प बसवण्याचं काम तेच.) ते डोळ्यांनी पाहता येतं. १९९० साली डॅनिएल गॉट्शलिंग, व्हर्जिनिया झाकियन आणि सहकाऱ्यांनी एडीई२ हे जनुक टेलोमिअरच्या शेजारी बसवलं. हे जनुक चालू असलं की यीस्टची कॉलनी पांढरी दिसते. बंद पडलं तर ॲडेनिन बनवण्याच्या वाटेवरचा एक मधला पदार्थ पेशीत साचतो आणि कॉलनी लालसर होते. टेलोमिअरशेजारी बसवल्यावर त्यांना ना धड पांढऱ्या कॉलन्या मिळाल्या ना धड लाल. लाल कॉलनीत पांढऱ्या फाका, पांढऱ्या कॉलनीत लाल फाका, कापलेल्या कलिंगडासारख्या. एकाच पेशीपासून वाढलेली कॉलनी, सगळ्यांचा डीएनए एकच, आणि तरीही जनुक एका शाखेत बंद तर दुसरीत चालू, आणि ही अवस्था कित्येक पिढ्या टिकून मग अचानक उलटणारी. टोकाजवळ काहीतरी मांडलं जातं आणि मोडलं जातं, हे त्या फाकांवरूनच दिसत होतं.

रॅप१ तिथे काय करत होतं?

दुमडीचा पहिला संशय १९९७ सालचा, लॉस एंजेलिसमधल्या मायकेल ग्रुनस्टाइन यांच्या प्रयोगशाळेतला. पेशीतली प्रथिनं फॉर्माल्डिहाइडने डीएनएवर आहेत तिथेच चिकटवायची, डीएनएचे तुकडे करायचे आणि कोणतं प्रथिन कोणत्या तुकड्यावर आहे ते पाहायचं, ही त्यांची रीत. सर प्रथिनं टोकापासून आत दोन-तीन हजार जोड्यांपर्यंत पसरलेली सापडली. ते अपेक्षित होतं, कारण डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांना धरून सर प्रथिनं सरकत जातात. चकित करणारी गोष्ट अशी, की त्याच पट्ट्यात रॅप१ही सापडलं.

रॅप१ हिस्टोनवरून सरकत नाही. त्याला टी-जीची अक्षरं लागतात, आणि ती तर टोकाला. मग ते आत कसं पोचलं? टोकावर बसलेलं रॅप१ टोकासकट मागे वळून आलं असेल, आणि फॉर्माल्डिहाइडने दोन्ही भाग एकत्र चिकटवले असतील, हे सरळ उत्तर होतं. चार वर्षांनी टाश्नी गटाने चुकीच्या जागचं बटण लावलं ते हेच उत्तर तपासायला.

मधल्या काळात, १९९९ साली, माणसाच्या टेलोमिअरमध्येही फास सापडला. जॅक ग्रिफिथ आणि टिटिया दे लांगे यांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. तिथे एकेरी धाग्याचं टोक दुहेरी डीएनएच्या पोटात खुपसलेलं असतं. यीस्टच्या दुमडीबद्दल लिहिताना हे दोन्ही प्रकार सर्रास एकत्र केले जातात, ते टाळायला हवं. माणसाचा फास हजारो जोड्यांच्या टेलोमिअरमध्येच पडतो. यीस्टच्या ३०० जोड्या त्या मानाने अगदीच आखूड, आणि इथे टेलोमिअर वळून टेकतं ते शेजारच्या, टेलोमिअर नसलेल्या डीएनएवर.

११२ नावं

२०१२ साली ब्रायन लूक यांच्या गटाने, तेव्हा जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये, चुकीच्या बटणाचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. यीस्टवाल्यांकडे एक मोठी सोय आहे: ज्यांच्याशिवाय पेशी जगू शकते अशी जवळजवळ सगळी जनुकं एकेक करून काढून टाकलेल्या हजारो जातींचा संग्रह. त्या प्रत्येक जातीत दुमड ओळखणारा संच घातला आणि कुणात जनुक चालू होत नाही ते पाहिलं. ११२ जनुकं अशी निघाली की त्यातलं एक काढलं तरी दुमड बिघडते.

हा आकडा वाचून माझी पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. एक कड दुमडायला ११२ शिंपी लागतात? उघड आहे की यातले कित्येक जण आडून आडून परिणाम करत असणार, आणि त्या निबंधातही हे मान्य केलेलं आहे. पण यादीत एक घोळका ठळकपणे दिसत होता: हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढून टाकणारी प्रथिनसंकुलं. त्यातही आरपीडी३ आणि त्याचे जोडीदार. शिवाय रिफ२ सापडलं, आणि रिफ२च आरपीडी३च्या मोठ्या संकुलाला टेलोमिअरपाशी बोलावून आणतं हेही दाखवता आलं. आरपीडी३ नसलेल्या पेशींची टोकं जास्त कुरतडली जात होती, अधूनमधून अख्खं टेलोमिअरच गळून पडत होतं, आणि टेलोमरेज काढल्यावर अशा पेशी वेळेआधीच म्हाताऱ्या होत होत्या.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. चुकीच्या बटणाचा संच दुमडीबरोबर आणखी एक गोष्ट नकळत मोजतो: टोकाजवळचा मुकेपणा. जनुक चालू झालं नाही, याचा अर्थ दुमड पडली नाही असाही होतो, किंवा दुमड पडली पण सर टोळीने जनुक इतकं दाबून धरलं की बटण पोचूनही उपयोग झाला नाही, असाही होतो. आणि आरपीडी३ काढलं की टेलोमिअरजवळचा मुकेपणा कमी होत नाही, उलट वाढतो, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणजे यादीतल्या सर्वांत ठळक नावावरच दोन आरोप बसू शकत होते. बटणाचा प्रयोग कितीही देखणा असला तरी तो साक्षीदार ऐकीव माहितीवर बोलणारा. दुमड स्वतः पाहिलेला साक्षीदार हवा होता.

मोजपट्टी ही नव्हे

त्याआधी उपयोगाचा प्रश्न. दुमड टेलोमिअरच्या लांबीचं नियंत्रण करते का?

लांबीचा हिशेब यीस्टमध्ये बराच नीट कळलेला आहे. १९९७ साली स्टेफान मार्कांड, एरिक जिल्सों आणि डेव्हिड शोर यांनी दाखवलं की पेशी टोकावरचे रॅप१ मोजते. रेणू पुरेसे जमले की टेलोमरेजला वाव मिळत नाही. कमी झाले की मिळतो. २००४ साली योआखिम लिंगनर यांच्या गटाने हा हिशेब एकेका टोकावर पाहिला. एका पेशीचक्रात ३०० जोड्यांच्या आसपास असलेल्या टोकांपैकी फक्त ६ ते ८ टक्के टोकं वाढवली गेली; १०० जोड्यांपर्यंत आखूड झालेल्या टोकांपैकी ४२ ते ४६ टक्के. टेलोमरेज सगळ्यांना थोडं थोडं वाटत नाही, गरजूंच्या दाराशी जास्त वेळा जातं. लांब टेलोमिअर बंद अवस्थेत आणि आखूड टेलोमिअर उघड्या अवस्थेत असतं, असं त्यांनी मांडलं.

आता 'बंद' म्हणजे दुमडलेलं आणि 'उघडं' म्हणजे सुटलेलं, असं म्हणायचा मोह होतो. लांब टेलोमिअर वळू शकतं, आखूड वळू शकत नाही, म्हणून टेलोमरेजला रस्ता मिळतो: किती छान बसतं! अनेक आकृत्यांमध्ये ते तसं काढलेलंही असतं. मला मात्र हे पटत नाही, आणि कारण अगदी साधं आहे. रिफ२ काढलं तर दुमड जाते आणि टेलोमिअर लांब होतं. सर३ काढलं तर मुकेपणा मोडतो, दुमडही जाते, पण टेलोमिअर किंचित आखूड होतं. दुमड हीच मोजपट्टी असती तर ती काढून घेतल्यावर दोन्हीकडे लांबी एकाच दिशेला सरकायला हवी होती. रिफ२चा लांबीवरचा परिणाम समजावायला दुमडीची गरजही नाही. टोक ओळखून टेलोमरेजची वाट मोकळी करणाऱ्या प्रथिनांना, टेल१ आणि एमआरएक्स संकुलाला, ते थेट अडवतं.

मग टेलोमिअर राखण्यात दुमडीचा वाटा कुठे? तर लांबी राखण्यात नव्हे, कड राखण्यात. आरपीडी३ नसताना टोकं कुरतडली जातात ही खूण तिकडेच बोट दाखवते.

म्हातारपणी सुटलेली कड

लूक यांचा गट पुढे जर्मनीतल्याच माइंत्सला गेला आणि २०२० साली त्यांनी दुमड स्वतः पाहिलेला साक्षीदार उभा केला. पद्धत अशी. पेशी फॉर्माल्डिहाइडमध्ये घालायच्या, म्हणजे जे भाग एकमेकांच्या जवळ आहेत ते तसेच चिकटून राहतात. मग कात्रीसारखं विकर वापरून डीएनए ठरावीक जागी कापायचा, भरपूर पातळ करायचा आणि सुटी टोकं जोडणारं विकर घालायचं. इतक्या पातळ द्रावात अनोळखी तुकडे एकमेकांना सहसा भेटत नाहीत. मूळ पेशीत शेजारी चिकटलेले तुकडेच जोडले जातात. टेलोमिअरशेजारचा तुकडा आतल्या, काही हजार जोड्या लांबच्या तुकड्याला जोडला गेला, तर ते दोघे पेशीत शेजारी होते. इथे बटण लागत नाही, घातलेलं जनुक लागत नाही. मुकेपणाचा गोंधळच नाही. एकाच टोकावर, त्याला काहीही न करता, दुमड मोजता येते.

त्यात दुमडीसाठी तीन नावं ठळकपणे आवश्यक ठरली: सर२, सिन३ आणि सेट२. यातलं सिन३ म्हणजे आरपीडी३च्या संकुलांचाच एक घटक. म्हणजे वेगळ्या रीतीने, वेगळ्या वर्षी, त्याच घराण्यावर बोट आलं. आरपीडी३वरच्या दोन आरोपांपैकी कोणता खरा, या माझ्या शंकेला यातून बरंचसं उत्तर मिळतं.

खरी गंमत पुढे आहे. टेलोमरेज काढलेल्या यीस्टचं काय होतं ते व्हिकी लुंडब्लाड आणि जॅक शोस्टाक यांनी १९८९ सालीच दाखवलं होतं, आणि ते आजही विद्यार्थ्यांना ताटलीवर तसंच दिसतं. ताजी कॉलनी घेऊन अगार भरलेल्या पेट्री डिशवर रेघ ओढायची. दोन दिवसांनी त्या रेघेतली एक कॉलनी उचलून पुढची रेघ. पहिल्या रेघेत कॉलन्या गुबगुबीत, काठ गोल, कुठेही संशय येऊ नये अशा. पुढच्या रेघेत काही बारीक. त्यापुढे एकीशेजारी एक न जुळणाऱ्या आकाराच्या, काठ खाल्लेल्या, आणि अखेरीस रेघेच्या जागी नुसता पुसट ओघळ. साठ-सत्तर पिढ्यांत ही अवस्था येते. यालाच पेशींचं म्हातारपण म्हणायचं.

२०२० च्या कामात दिसलं की या म्हातारपणी टेलोमिअर दुमडलेलं राहत नाही. याचं सोपं कारण कुणीही सांगेल: टेलोमिअर आखूड झालं, वळायला लांबी उरली नाही. पण तसं नाही. दुमड सुटण्याचा आखूडपणाशी थेट संबंध लागला नाही. म्हातारपणी सर२, सिन३ आणि सेट२ या तिन्ही प्रथिनांचं पेशीतलं प्रमाणच घटलेलं होतं. कापड आखूड पडलं म्हणून कड सुटली असं नव्हे. दुमड धरून ठेवणारे हातच कमी झाले असावेत. लांबी आणि दुमड हे दोन वेगळे हिशेब आहेत, याला यापेक्षा बळकट आधार मला माहीत नाही.

सापडलीच नाही

त्याच २०२० साली कॅनडातल्या शेरब्रूक विद्यापीठातून एमेलिन पास्किए आणि रेमंड वेलिंगर यांचा निबंध आला, आणि त्यात सरळ म्हटलं होतं की अशी दुमड आम्हाला दिसली नाही.

त्यांची रीतही हुशार आहे. टेलोमिअरवर बसणाऱ्या प्रथिनाला डीएनए कापणारं एक विकर जोडून टाकायचं. एरवी ते निजलेलं असतं. पेशींना कॅल्शियम दिलं की जागं होतं आणि प्रथिन जिथे असेल तिथला, हाताशी येईल तो डीएनए कापतं. टेलोमिअर खरोखर मागे वळून आत टेकत असेल, तर टोकावरच्या विकराने आतल्या त्या जागीही कापायला हवं. नैसर्गिक टोकांवर, जवळजवळ सगळ्या, त्यांनी हे करून पाहिलं. टोकाशी न्यूक्लिओसोम (हिस्टोनभोवती डीएनए गुंडाळून बनलेले गोळे) नसलेली मोकळी जागा नेमकी सापडली, तिच्या अलीकडचे न्यूक्लिओसोम ठरलेल्या जागी सापडले. दुमडीचे काप मात्र सापडले नाहीत. बाकीच्यांना जे दिसलं ते विरळा आणि क्षणिक असावं, कायमची रचना नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

कोण खरं? मला दोघेही खरे वाटतात, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. माइंत्सची पद्धत तुलना करते: निरोगी पेशीत जोड इतके, सिन३ काढलं तर त्याहून कमी. शंभर पेशींपैकी किती पेशींत या क्षणी कड दुमडलेली आहे, हे त्यातून कळत नाही. फॉर्माल्डिहाइड क्षणभराची भेटही चिकटवून ठेवतं, आणि पुढची मोजणी इतकी संवेदनशील असते की मूठभर भेटीही नोंदल्या जातात. शेरब्रूकची पद्धत बहुसंख्य पेशींत बहुतेक वेळ काय असतं ते सांगते. चुकीच्या बटणाचंही तेच: जनुक चालू व्हायला बटण सतत टेकून राहायची गरज नाही, अधूनमधून शिवून गेलं तरी पुरतं. शिंप्याच्या भाषेत, पक्की शिवण कुणालाच सापडलेली नाही; सापडला तो कच्चा टाका. म्हणूनच आकृत्यांमधला तो नीटस, कायमचा मागे वळलेला फास मला खटकतो.

कच्चा टाका मानला की आणखी एक तपशील वेगळा दिसू लागतो. माइंत्सच्या कामात दुमड पडायला रॅड५१ आणि रॅड५२ ही प्रथिनंही लागली, आणि धोक्याची घंटा वाजवणारं रॅड५३ही. ही तिन्ही तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीच्या कामातली. टोकाला 'तूट' समजून धावून येणाऱ्या पथकाचेच लोक टोक झाकायलाही लागतात. आणि म्हातारपणी, ताटलीवरच्या त्या पुसट ओघळातून कधी कधी एखादी गुबगुबीत कॉलनी पुन्हा उठते, टेलोमरेजशिवाय. लुंडब्लाड आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी १९९३ साली दाखवलं की अशा वाचलेल्या पेशी इतर टोकांवरून नक्कल करून आपली टोकं वाढवतात, आणि त्यासाठी रॅड५२ असावंच लागतं. एकाच प्रथिनाचं नाव दोन्ही नोंदींत आहे: कड दुमडलेली असताना ती दुमडण्यात, आणि कड सुटल्यावर दुसरीकडचं कापड जोडून आणण्यात. सुटलेली दुमड हीच त्या जोडकामाची पहिली पायरी आहे का, हे एकेक पेशी वेगळी धरून, तिच्या पिढ्या मोजत, वाचलेली कॉलनी उठायच्या आधीच्या पिढ्यांमध्ये दुमड पाहिली तरच कळेल.